नितळ पाण्याची फसवणूक

नंदनवनातल्या आमच्या घरी समुद्र आला तो पिशवीतून. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभं राहिलं ते समुद्राकाठीच. नागपूरकराला मात्र समुद्र कालवावा लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं आणि लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळायचं. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियमही असतं.

टाकी भरली आणि चौथ्याच दिवशी आम्ही दोन मासे सोडले. आठवडाभरात दोन्ही गेले.

‘‘नाना, पाणी तर स्वच्छ होतं ना?’’ नातवानं विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

ते पुढे कळलं. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी, पण दिसत नाही. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे जीवाणू त्याचं बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू वाळू-दगडांवर वसायला चार ते आठ आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नाहीत. जीवाणूंसाठी फक्त चिमूटभर खाद्य टाकायचं. साचणारं नायट्रेट थोडं थोडं पाणी बदलून कमी करायचं.

आमच्या उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं, मीठ मात्र मागे उरतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

यंदा टाकी दीड महिना रिकामी ठेवली. परवा चाचणीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

‘‘आता, नाना?’’

‘‘आता. पण एकच मासा.’’