एक चूल, एक पंगत

आमच्या सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांतून समतेचा पुरस्कार करणारी विद्यार्थ्यांची मंडळे निघत आहेत, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका वाचावी, फुले-आंबेडकरांच्या जयंतीस व्याख्यान ठेवावे, असा त्यांचा क्रम असतो. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१२ च्या नियमांनी महाविद्यालयांत समान संधी कक्ष असावा असे सांगितले. हे सारे इष्टच आहे. तथापि ज्या भूमीत ही मंडळे उभी राहतात, तिचा या बाबतीतला खरा वारसा व्यासपीठाचा नसून स्वयंपाकघराचा आहे, याचे स्मरण देणे आम्हांस अवश्य वाटते.

कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते यथार्थ आहे. शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांकरिता एक वसतिगृह काढून पाहिले. परंतु त्यात ब्राह्मणेतर मुले टिकेनात. तेव्हा १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी निरनिराळी वसतिगृहे निघाली. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. ज्यास दारातच उभे करीत नाहीत, त्याने आधी स्वतःचे छप्पर मिळवावे हे बरोबरच. पण जातवार छपराखाली जातवार सोवळेही नांदते, याचा प्रत्यय लवकरच आला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्या समारंभास जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी गेला आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने साफ नकार दिला. त्यास वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

इस्लामपुरास शाळेबाहेर बसून शिकणारा एक महार मुलगा भाऊरावांनी पाहिला व त्यास कोल्हापुरास नेऊन त्याच मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले, असे सांगतात. हेच ज्ञानदेव घोलप पुढे ‘मूकनायक’ पत्राचे संपादक झाले आणि मुंबई कायदे कौन्सिलात बसले. १९१० साली सांगलीजवळ दुधगावी विद्यार्थी आश्रम निघाला, त्यातही भाऊरावांचा हात होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली; आणि १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह उघडले, त्यात कोल्हापूरच्या प्रयोगापुढचे पाऊल पडले. येथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान ही मुले एका छपराखाली तर राहिलीच, पण एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकाच पंगतीत बसून जेवली. दळण, पाणी, स्वयंपाक, झाडलोट ही कामे मुलांनीच वाटून घ्यावयाची. कोणाच्या हातची भाकरी हा प्रश्न तेथे उरणारच कसा? १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. आणि लक्ष्मीबाई! ज्या घरी सोवळे कडक होते त्या घरच्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढले आणि कोठी रिकामी झाली तेव्हा अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील, मोडले. १९३० साली त्या वारल्या. पुढाऱ्यांची नावे सर्वांच्या मुखी असतात. या बाईंचे नाव त्या मानाने फार थोडे घेतले जाते.

कोणी म्हणेल, आता ती अडचण कोठे राहिली? १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झाले, २०२१ साली तर कर्मवीरांच्याच नावाचे विद्यापीठ साताऱ्यास स्थापन झाले. वर्गात एका बाकावर सर्व बसतात. खरे आहे. पण वर्ग सुटल्यावर तो मुलगा कोठे जातो? वसतिगृहात जागा न मिळालेला खेड्यातला विद्यार्थी साताऱ्यात वा विश्रामबागेत खोली शोधीत हिंडतो, तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी त्यास आडनाव विचारणारी घरे आजही आहेत. आडनावाने उलगडा न झाल्यास गाव, मग गावातील आळी. त्यानंतर ‘खोली कालच गेली’ हे उत्तर. कोणी अपशब्द बोलत नाही, म्हणून कोणत्याही कक्षाकडे तक्रार जात नाही. कायद्याच्या जाळ्यातून निसटणारी ही अस्पृश्यता सभ्य पोशाखातली आहे, आणि ती पाळणारे गृहस्थ पुष्कळदा आमच्याच वाचकांपैकी, सुशिक्षित व प्रतिष्ठित असतात, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण लिहिणे प्राप्त आहे.

म्हणून समता मंडळांस आमची एक सूचना आहे. वर्षास एक व्याख्यान कमी करावे आणि जून महिन्यात नव्या विद्यार्थ्यांबरोबर खोल्या पाहण्यास निरनिराळ्या जातींच्या दोघा-तिघांनी मिळून जावे. जे घरमालक जात न विचारता जागा देतील, त्यांच्या संमतीने त्यांची यादी महाविद्यालयाच्या फलकावर लावावी. खाणावळीचा डबा प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात खाण्याऐवजी निदान आठवड्यातून एकदा मंडळाच्या सभासदांनी स्वतः रांधून एकत्र जेवावे, आणि भांडी घासण्याची पाळी सर्वांवर सारखी यावी. पेठेतील व्यापारी गणेशोत्सवाच्या वर्गणीत मागे नसतात. एका पंगतीच्या शिध्यास त्यांनी नाही म्हणण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ज्यांच्या माडीवरची खोली या जूनमध्ये रिकामी होणार आहे, त्यांनी आपले नाव त्या यादीसाठी आजच कळवून ठेवावे.