मुरुडची वासंतिक सहल आणि भरतीचे गणित

फाल्गुन-चैत्रात कोकणचा किनारा एका वेगळ्याच तेजाने उजळून निघतो. पावसाळ्यातील खवळलेला समुद्र शांत झालेला असतो, डोंगरउतारांवर पळस-पांगारा फुललेला असतो आणि ज्येष्ठातील वादळवाऱ्यांना अद्याप अवकाश असतो. रायगड जिल्ह्यातील मुरुडला शालेय सहली व प्रवासी यांची वर्दळ याच सुमारास वाढते. अलिबागेपासून चौल, रेवदंडा, काशीद असा सुमारे ५० किलोमीटरचा सागरी मार्ग आक्रमून येथे पोहोचता येते.

इतिहास आणि निसर्ग

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यास जाणे, हा मुरुडच्या सहलीतील प्रमुख कार्यक्रम होय. अरबी भाषेत ‘जझीरा’ म्हणजे बेट. सिद्दींचा हा जलदुर्ग अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याला शह देण्यासाठी मुरुडसमोरील कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये खाडी बुजवून किल्ल्यापर्यंत सेतू घालण्याचा प्रयत्न केला. सभोवार खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याचे विस्तीर्ण तलाव आहेत. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

राजपुरीनजीक खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. पदभ्रमणाची आवड असणाऱ्यांसाठी फणसाडचे अरण्य आहे. एकेकाळी नबाबांचे शिकारीचे रान असलेले हे वन १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू हे येथील भूषण. पहाटे शांतपणे चालणाऱ्यास ते उंच फांद्यांवर दिसते. गलका करणाऱ्यास दिसत नाही.

समुद्राची वेळ

मात्र या रम्य किनाऱ्याची दुसरी बाजूही आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. सहलीची आखणी करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा दिवस स्मरणात ठेवावयास हवा.

दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. किनाऱ्यावरील जाणती मंडळी तिची वेळ पंचांगावरून सांगतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस सुमारे ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या वेळी पाणी अधिक चढते आणि अधिक ओसरते. हा आडाखा वर्गात फळ्यावर मांडता येतो. प्रत्यक्ष सहलीसाठी मात्र भरतीचे अधिकृत वेळापत्रकच पाहावे.

ओहोटीच्या वेळी वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो आणि मुले नकळत दूरवर जातात. पुढे भरती लागली की पाठीमागील सखल भाग आधी भरतो व परतीची वाट तुटते. लाटा फुटत नाहीत असा पट्टा शांत भासतो. परंतु पुष्कळदा तेथूनच पाणी वेगाने समुद्राकडे ओढले जात असते. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, अथवा तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी.

सर्वांचा वाटा

सहलीपूर्वी पालकांची संमती घ्यावी, मुलांचे लहान गट पाडून प्रत्येक गटास एक शिक्षक द्यावा आणि पाण्याजवळ जाण्यापूर्वी व नंतर हजेरी घ्यावी. होडीत जीवरक्षक जाकिटाविना कोणासही बसू देऊ नये. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींना भरतीची वेळ दररोज फलकावर लिहिता येईल, धोक्याच्या जागी लाल निशाण लावता येईल, दोर व हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवता येईल. कोळी बांधवांइतका या पाण्याचा जाणकार दुसरा कोणी नाही. त्यांचा सल्ला सहलीच्या आखणीतच घ्यावा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवे झाड फळाला येण्यास कित्येक वर्षे लागतात. अशा वेळी घरगुती निवास, खानावळ व होडी यांवर अनेक कुटुंबांचा संसार चालतो. येणारा प्रत्येक पाहुणा सुखरूप घरी परतला, तरच हा व्यवसाय टिकेल. मुरुडचा समुद्र मुलांना अवश्य दाखवावा. पण त्याची वेळ विचारून.