स्की टूरिंग: आधी बूट, मग बाकीचे

गुलमर्गचा गोंडोला अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. तिथून आखीव उतार सोडून पुढे स्वतःच्या पायांनी चढायचे, तर पहिला पैसा बुटांवर घाला. एकच पातळ मोजा घालून टाच मागे ठोका, मग बकल लावा. गुडघा पुढे वाकवला की बोटे टोकापासून सुटली पाहिजेत, टाच मात्र उचलता कामा नये. सैल बूट दुकानात सुखाचा वाटतो. उतारावर स्की ऐकत नाही.

बूट स्कीला जोडणारी पिन-बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलची, १९८० च्या दशकातली. चढताना बुटाचे टोक दोन पिनांत अडकते, टाच मोकळी राहते. बुटाच्या टोकाच्या खाचेत बर्फ गोठला असेल तर आधी कोरून काढा, नाहीतर ऐन वळणावर बूट सुटतो.

स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी म्हणजे ‘स्किन’. पूर्वी सीलच्या कातड्याची, आता मोहेर किंवा नायलॉनची. पुढे सरकते, मागे घसरत नाही. गार पडली की गोंद धरत नाही, म्हणून उतरताना जाकिटाच्या आत ठेवा.

हिमस्खलनासाठी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, गटात मिळून एक नव्हे. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटिमीटर लांब. शोध सुरू झाला की ५०.