चंबळेचे मोल

नदीकडे पाहण्याची आपली दृष्टी गेल्या काही दशकांत फारच संकुचित झाली आहे. तिच्यात पाणी किती, त्यातून वीज किती आणि पात्रात वाळू किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की नदीचा हिशेब पुरा झाला, असे आपण मानतो. या हिशेबात जे बसत नाही, त्याचे मोल शून्य धरले जाते. तो किती अपुरा आहे, हे चंबळेच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

मराठी वाचकाला ही नदी परकी नाही. १७३८ मध्ये भोपाळनजीक झालेल्या तहात निजामाने पहिल्या बाजीरावाला जो मुलूख देण्याचे मान्य केले, तो नर्मदा आणि चंबळ यांच्या दरम्यानचा. यशवंतराव होळकरांची छत्री याच खोऱ्यात, भानपुऱ्यास आहे; आणि १९६० मध्ये विनोबांसमोर शस्त्रे ठेवणारे दरोडेखोर चंबळेच्याच घळींतले. त्याही मागे जावे, तर ही महाभारतातील चर्मण्वती. रंतिदेवाच्या यज्ञांशी तिचे नाव जोडलेले आहे, आणि ‘मेघदूता’त कालिदासानेही तिचे स्मरण केले आहे.

एवढी प्राचीन असूनही गंगा-यमुनेचे पावित्र्य मात्र तिला लाभले नाही. लोकसमजुतीने तिला शापित ठरविले. तिच्या काठी काशी-प्रयागासारखी क्षेत्रे उभी राहिली नाहीत. कोट्याच्या खाली घळींनी शेती आणि दरोडेखोरांच्या भीतीने उद्योग दूर ठेवले. परिणामी, नदीचा हा भाग उत्तर भारतातील इतर नद्यांच्या मानाने निर्मळ राहिला. ज्या संपत्तीचा आज आपण अभिमान बाळगतो, ती आपल्या दक्षतेने नव्हे, तर आपल्या उपेक्षेने वाचली आहे.

ही संपत्ती लहान नाही. लांब, निमुळत्या जबड्याची सुसर, म्हणजेच घडियाल, जगात सर्वांत मोठ्या संख्येने येथे आढळते. नामशेष होऊ लागलेल्या या प्राण्यासाठी १९७५ मध्ये संवर्धन प्रकल्प सुरू झाला, आणि १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांनी नदीचा सुमारे ४०० किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून घोषित केला. गंगेतील डॉल्फिन, लाल माथ्याचे कासव आणि पाणचिरा पक्षी यांनाही तेथे आश्रय मिळाला.

परंतु भीती ओसरली आणि नदीचे कवचही गेले. सुसर मार्च-एप्रिलच्या सुमारास काठच्या वाळूत अंडी घालते. तीच वाळू बंदी असतानाही ट्रॅक्टर भरभरून नेली जाते. त्या वाळूच्या किमतीत मजुरी येते, डिझेल येते, दलाली येते. उद्ध्वस्त झालेले घरटे येत नाही. ही वाळू स्वस्त आहे, कारण तिच्या खर्चाचा मोठा भाग दुसऱ्या कोणावर तरी टाकलेला आहे. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, तो हाच. २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभराहून अधिक सुसरी मरण पावल्या, तेव्हा या आश्रयाची नाजूकता देशाला प्रथमच जाणवली.

पाण्याची कथा याहून अवघड आहे. गांधीसागरापासून कोटा बंधाऱ्यापर्यंतच्या धरणांनी लक्षावधी एकरांना पाणी दिले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. कोट्याखाली नदीला पुन्हा जीव येतो तो पार्वती, कालीसिंध अशा उपनद्यांमुळे. आणि त्यांचेच पाणी वळविणाऱ्या जोडप्रकल्पासाठी २०२४ च्या जानेवारीत केंद्र, राजस्थान व मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. पूर्व राजस्थानची तहान खरी आहे. तथापि वाटपाच्या कोष्टकात शेती, शहरे आणि कारखाने यांच्याबरोबर नदीचा स्वतःचा वाटाही मांडला जावा, आणि तोही शेवटी उरेल तो नव्हे, तर प्रथम.

केवळ बंदीने हे साधणार नाही. पात्रात कलिंगडे पिकविणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या काठच्या कुटुंबांना अभयारण्याने नकारच अधिक दिले. संरक्षणाचा लाभ देशाला आणि खर्च मात्र गरिबाला, ही विभागणी न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही. त्यांना पर्यायी रोजगार आणि राखणदारीत हक्काचे स्थान मिळाले, तरच कायद्याला काठावर मित्र मिळतील.

गोदावरी-भीमेच्या पात्रांतील वाळूउपसा पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको. शापाने जी नदी शतकानुशतके राखली, ती नियोजनाला राखता येऊ नये, यासारखी नामुष्की दुसरी कोणती?