ऑक्सिजनचे क्षपण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड : विद्युत्-अग्राच्या निवडीचा प्रश्न

'ऑक्सिजनचे क्षपण' ही संज्ञा एकवचनी असली, तरी तिच्या पोटात दोन भिन्न विक्रिया सामावलेल्या आहेत. ऑक्सिजनच्या एका रेणूने ऋणाग्राकडून चार इलेक्ट्रॉन स्वीकारले, तर पाणी तयार होते. दोनच स्वीकारले, तर हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिल्या मार्गावर इंधन-विद्युत्‌घटाची सारी भिस्त असते आणि दुसरा मार्ग त्या घटाच्या दृष्टीने केवळ नासाडीचा. परंतु ज्याला पेरॉक्साइडच हवे आहे, त्याच्या लेखी हीच नासाडी सिद्धी ठरते. म्हणून अमुक विद्युत्-अग्र चांगले की वाईट, हा प्रश्न हेतू सांगितल्याखेरीज विचारताच येत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली लावला. आज त्याचे बहुतांश उत्पादन अँथ्राक्विनोन पद्धतीने, मोठ्या कारखान्यांतून होते. तेथे ते संहत केले जाते, टाक्यांतून दूरवर नेले जाते आणि वापराच्या जागी पुन्हा पाणी घालून विरल केले जाते. जखम धुण्यास सुमारे तीन टक्क्यांचा विद्राव पुरतो. सांडपाण्याच्या शुद्धीकरणास तर याहूनही कमी प्रमाण चालते. असे असता, धोकादायक संहत द्रव्याची वाहतूक कशासाठी करावी? हवा, पाणी आणि वीज यांपासून ते वापराच्या जागीच तयार करता आले, तर ही सारी यातायात टळेल. विद्युत्-रासायनिक पद्धतीचे महत्त्व या ठिकाणी आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेच्या साहाय्याने पेरॉक्साइडचे जे व्यापारी उत्पादन होत असे, ते धनाग्रावर परसल्फेट तयार करून व मग त्याचे जलीय विच्छेदन करून. प्रस्तुत विषय तो नव्हे. ऋणाग्रावर ऑक्सिजनपासून पेरॉक्साइड बनते, हे मोरित्स ट्राउबे यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले होते. कार्बनच्या ऋणाग्राचा उपयोग करणारी पद्धत बेर्ल यांनी १९३९ साली मांडली.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. ऑक्सिजनचे पाण्यात रूपांतर होण्याचे प्रमाणित वर्चस् १.२३ व्होल्ट आहे. पेरॉक्साइडमध्ये रूपांतर होण्याचे ०.७० व्होल्ट; आणि पेरॉक्साइडचे पुढे पाणी होण्याचे तब्बल १.७६ व्होल्ट. याचा अर्थ असा की, ज्या वर्चसास पेरॉक्साइड निर्माण होऊ शकते, त्या वर्चसास त्याचा नाश होण्याची प्रवृत्ती निर्मितीहून कितीतरी प्रबळ असते. पेरॉक्साइड टिकते ते केवळ दुसरी पायरी मंद असल्यामुळे. आणि ती मंद असावी की जलद, हे विद्युत्-अग्राचा पृष्ठभाग ठरवितो.

पारा हे याचे उत्तम उदाहरण होय. हेरॉव्हस्की यांच्या ध्रुवणलेखनात पाऱ्याच्या ठिबकत्या अग्रावर ऑक्सिजनच्या दोन जवळजवळ समान उंचीच्या लहरी दिसतात. पहिली पेरॉक्साइडच्या निर्मितीची, दुसरी त्याच्या क्षपणाची. आणि दोहोंत पुष्कळ अंतर असते. प्लॅटिनमवर असे घडत नाही. प्लॅटिनम ऑक्सिजनला इतके घट्ट धरते की, दोन ऑक्सिजन अणूंमधील बंध तुटतो आणि विक्रिया पाण्यापर्यंत जाऊन पोहोचते. उलट पकड फारच सैल असेल, तर ऑक्सिजन पृष्ठभागावर स्थिरावतच नाही आणि विक्रिया सुरू करण्यासाठी अधिक वीज खर्चावी लागते. पकड मध्यम हवी. सोन्यावर तर स्फटिकाची बाजू बदलली तरी निष्पत्ती बदलते: अल्कधर्मी विद्रावात एका बाजूवर चार इलेक्ट्रॉनांचा मार्ग आढळतो, तर दुसरीवर दोन इलेक्ट्रॉनांचा.

या विचाराचा पद्धतशीर उपयोग २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्लॅटिनम-पारा संमिश्राच्या अभ्यासात दिसतो. पाऱ्याचे अणू मध्ये आल्याने प्लॅटिनमचे अणू एकमेकांपासून विलग होतात. ऑक्सिजनचा रेणू दोन्ही टोकांनी धरला जात नाही, एकाच टोकाने धरला जातो, आणि बंध शाबूत राहतो. आम्लधर्मी विद्रावात या संमिश्राची निवडकता ९६ टक्क्यांपर्यंत आढळली. परंतु पाणी शुद्ध करावयाच्या साधनात पारा असावा, ही गोष्ट कोणासही रुचण्यासारखी नाही. त्यामुळे स्वस्त व निरुपद्रवी अशा कार्बनाकडे लक्ष वळणे स्वाभाविक होते. अल्कधर्मी विद्रावात कार्बन उत्तम काम देतो. मात्र उत्पादन अल्कलीमिश्रित निघते. ते कागदाच्या लगद्याच्या विरंजनास चालते, औषधास चालत नाही.

निवडकता मोजण्याचे प्रचलित साधन म्हणजे फिरते चकती-कडे अग्र. फ्रुमकिन व नेक्रासोव्ह यांनी १९५९ साली ते पुढे आणले. चकतीवर बनलेले पेरॉक्साइड द्रवाच्या ओघाबरोबर भोवतीच्या कड्याकडे जाते आणि तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन जो प्रवाह मिळतो, त्यावरून त्याचे प्रमाण काढता येते. तथापि या मापनात पेरॉक्साइड साचत नाही. प्रत्यक्ष घटात ते साचते, आणि जसजसे साचते तसतसा त्याचा नाशही वाढतो. शिवाय २५° से. तापमानास शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कातील एक लिटर पाण्यात तो जेमतेम ४० मिलिग्रॅम विरघळतो. म्हणून मोठ्या उत्पादनासाठी एका अंगास वायू व दुसऱ्या अंगास द्रव असलेले सच्छिद्र अग्र वापरावे लागते. फॅराडेच्या नियमानुसार एका अँपिअर-तासास फार तर ०.६३ ग्रॅम पेरॉक्साइड मिळू शकते; त्यातील किती हाती लागते, हीच खरी कसोटी.

अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली घन विद्युत् विच्छेद्य वापरून क्षारविरहित, वजनाने २० टक्क्यांपर्यंतचा विद्राव मिळविला. त्यावरून मार्ग मोकळा आहे असे दिसते. तरीही एखाद्या नव्या अग्राची निवडकता ९० टक्के आहे एवढेच विधान अपुरे होय. कोणत्या वर्चसास, किती प्रवाहास, विद्रावात किती पेरॉक्साइड साचलेले असता आणि किती तास, हे सांगितले तरच त्या आकड्यास अर्थ प्राप्त होतो.