सात जण जमले की मॅच

मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये खालच्या विभागात खेळणाऱ्या फुटबॉल क्लबची सगळी मालमत्ता तीन पिशव्यांत मावते. एकीत जाळीत भरलेले चेंडू आणि पंप. दुसरीत दोन रंगांच्या जर्सी, बिब आणि चपटे प्लास्टिकचे कोन. तिसरीत प्रथमोपचाराची पेटी, वेदनाशामक स्प्रे आणि एक जाडजूड फाइल. फाइलमध्ये खेळाडूंच्या जन्मदाखल्यांच्या आणि ओळखपत्रांच्या प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो, नोंदणीचे कागद. मैदान या यादीत नाही. अंधेरीसारख्या उपनगरात मैदान मालकीचे असणे दूरच, ते तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळाले तरी क्लब चालतो.

क्लबच्या डोक्यावर एक लांब शिडी आहे. मुंबई फुटबॉल असोसिएशन (जुने नाव मुंबई डिस्ट्रिक्ट फुटबॉल असोसिएशन) शहरातले क्लब विभागांत मांडते. मोसमाअखेर वरचे चढतात, तळाचे उतरतात. शहराच्या सर्वांत वरच्या विभागात टिकाव धरला की राष्ट्रीय पातळीची दारे दिसू लागतात. २०२३ च्या रचनेत ती अशी होती : आधी आय-लीग ३, मग आय-लीग २, मग आय-लीग, आणि त्याच्याही वर इंडियन सुपर लीग. यातली आय-लीग ३ ही पायरी २०२३ मध्ये जोडली गेली. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाण्याची वाटही त्याच वर्षी पहिल्यांदा उघडली आणि पंजाबचा क्लब तिने वर गेला. त्याआधी १९९६ ची नॅशनल फुटबॉल लीग होती, तिची २००७ मध्ये आय-लीग झाली, २०१४ मध्ये तिच्या शेजारी सुपर लीग येऊन बसली. वरच्या पायऱ्यांची नावे आणि क्रम इतक्यांदा बदलले आहेत की खालच्या क्लबात त्यांची फारशी चर्चा होत नाही. आपल्या विभागातून वर जायला अजून किती गुण हवेत, एवढे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ असते.

शिडीचे वरचे टोक अंधेरीत अगदी समोर दिसते. वीरा देसाई मार्गावर, आझाद नगर मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. त्यातल्या स्टेडियमला फुटबॉलवाले मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात. मुंबई सिटी एफसी २०१६ पासून इथे घरचे सामने खेळू लागला. जून २०१८ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या वेळी स्टेडियम रिकामे पाहून भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने लोकांना यायची जाहीर विनंती केली, आणि पुढच्या सामन्यापासून तिकिटे मिळेनाशी झाली. १७ मार्च २०१९ ला सुपर लीगचा अंतिम सामना इथेच झाला. जादा वेळ संपत आला असताना, ११७ व्या मिनिटाला, कॉर्नरवर आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात घालून बेंगळुरूला विजेतेपद मिळवून देणारा राहुल भेके हा मुंबईतच वाढलेला खेळाडू. मुंबई सिटीचा बहुसंख्य हिस्सा २०१९ ते २०२५ या काळात सिटी फुटबॉल ग्रुपकडे होता. जपानच्या योकोहामा एफ. मारिनोस क्लबातही या ग्रुपने २०१४ मध्ये हिस्सा घेतला होता. अंधेरीचे हे गवत त्या काळात अशा रीतीने थेट जगाशी जोडलेले होते.

खालच्या विभागातला क्लब त्या गवतावर सराव करत नाही. त्याचा सराव होतो तो जाळी ठोकलेल्या टर्फवर : इमारतींच्या मधल्या किंवा शाळेच्या आवारातल्या तुकड्यावर, कृत्रिम गवत आणि चार बाजूंना दिव्यांचे खांब. या तुकड्याचे खरे गिऱ्हाईक बॉक्स क्रिकेटचे. संध्याकाळनंतरचे, विशेषतः शनिवार-रविवारचे तास ऑफिसांच्या टोळ्या आधीच घेऊन ठेवतात आणि भावही त्याच वेळी चढतो. क्लबच्या वाट्याला येते ती भल्या पहाटेची वेळ, नाहीतर रात्री दहानंतरची. पहाटेची वेळ स्वस्त पडते, पण रात्रपाळी करणारा खेळाडू तेव्हा कामावरून सुटतच असतो. रात्री उशिरा गाठ पडते ती शेवटच्या लोकलशी.

तास विकत घेतलेला असला की सरावाची रीत बदलते. धावणे, ताणाचे व्यायाम, बूट बांधणे हे सगळे जाळीच्या बाहेर, पार्किंगच्या जागेत किंवा रस्त्याच्या कडेला उरकले जाते. आतल्या टोळीची शेवटची ओव्हर चालू असतानाच प्रशिक्षक कोन हातात घेऊन दाराशी उभा असतो. दार उघडताच दोन मिनिटांत चौकोन आखले जातात. कोंडाळ्यातला खेळ, म्हणजे कडेचे पाच-सहा जण चेंडू फिरवतात आणि मधले दोघे तो हिसकावतात, हा सरावाचा कणा. कमी जागेत जास्तीत जास्त जणांच्या पायाला चेंडू लावणारा दुसरा प्रकार नाही. मग निम्म्यांना बिब चढवून छोटे गोल लावले जातात. हाका बहुतेक हिंदी-इंग्रजीत : ‘मॅन ऑन’, ‘टाइम है’, ‘वन-टू’, ‘सेकंड बॉल’. मराठी ऐकू येते ते शिवी देताना किंवा कोणाला दुखले तर.

या सरावाचे दोष प्रशिक्षकांना चांगले माहीत असतात. टर्फचे क्षेत्रफळ पूर्ण मैदानाच्या पाव भागाइतकेही नसते, त्यामुळे चाळीस मीटरचा पास, विंगेवरून येणारा उंच क्रॉस, ऑफसाइडची रेषा सांभाळत एकत्र सरकणारे चार बचावपटू यांतले काहीच तिथे शिकवता येत नाही. मुंबईचे पोर अरुंद जागेत दोघांना चकवते, पण मोठ्या मैदानावर विसाव्या मिनिटाला धापा टाकते, हे निरीक्षण इथूनच येते. उपनगरांतली जुनी रिंक फुटबॉलची सवय, म्हणजे चर्चच्या किंवा शाळेच्या सिमेंटच्या अंगणातला छोटा खेळ, हीच गोष्ट आणखी पक्की करते. शिवाय टर्फमध्ये पेरलेले काळे रबराचे दाणे. ते मोज्यांत जातात, घरच्या लादीवर सांडतात. घसरत टॅकल केले तर मांडीची साल निघते, आणि ती आठवडाभर चादरीला चिकटते.

खेळाडू कोण असतात? संघात वीस-बावीस नावे, त्यांतली चार-पाच कॉलेजातली. बाकीचे कामावर जाणारे : कोणी शाळेत क्रीडाशिक्षकाचा मदतनीस, कोणी जिममध्ये ट्रेनर, कोणी दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवणारा, कोणी रेल्वेत किंवा बँकेत खेळाडू-कोट्यातून लागायची वाट पाहणारा. मालवणी, आंबोली, जोगेश्वरी, धारावी, नागपाडा अशा वस्त्यांतून ते येतात. पगार बहुतेकांना नाही. मॅचमागे प्रवासखर्च, नाश्ता आणि जिंकल्यास थोडेफार, एवढाच व्यवहार. तरीही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा बचावपटू पाच वर्षे याच विभागात टिकून असतो, आणि नवख्या प्रशिक्षकापेक्षा त्याचे शब्द संघात जास्त चालतात.

पैसा येतो तो मुलांच्या वर्गातून. ज्या टर्फवर वरिष्ठ संघ रात्री सराव करतो तिथेच संध्याकाळी सहा ते बारा वयाची मुले शिकायला येतात आणि पालक महिन्याची फी भरतात. त्या फीवर प्रवेश शुल्क, पंचांचे मानधन, जर्सी आणि टर्फचे भाडे निघते. मुलांना शिकवणारे तरुण म्हणजे बरेचदा वरिष्ठ संघातलेच खेळाडू. क्लब त्यांना खेळण्याचे नाही, शिकवण्याचे पैसे देतो. परीक्षांच्या महिन्यात मुले गळतात, फी आटते, आणि लीगचे निर्णायक सामने नेमके त्याच सुमारास आले तर क्लबचा चिटणीस स्वतःच्या खिशात हात घालतो.

मॅचचा दिवस बहुधा आडवारी आणि भरदुपारी येतो. मैदान कधी वांद्र्याचे, कधी परळचे, क्वचित कुलाब्याजवळचे कूपरेज. वांद्र्याच्या टर्फला नेव्हिल डिसूझाचे नाव आहे : १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक करून भारताला उपांत्य फेरीत नेणारा मुंबईचा फॉरवर्ड. पिशव्या लोकलच्या सामानाच्या डब्यातून जातात. जर्सी वाटल्या जातात, पंच टीम शीट तपासतात, नखे-अंगठ्या-शिनगार्ड पाहतात, ओळखपत्रावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळवतात. नियमाने संघात अकरा हवेत, पण सात जण असले तरी खेळ सुरू होतो. संघ सातांच्या खाली गेला तर होत नाही. खालच्या विभागात ही ओळ वकिलाच्या कलमासारखी पाठ असते. सुटी न मिळालेला गोली, दादरला अडकलेला मिडफिल्डर, फोन न उचलणारा विंगर. सात जण मैदानात उतरतात, एकाला हातमोजे चढवले जातात आणि पहिली वीस मिनिटे कशीबशी ढकलली जातात. मग आठवा येतो, पट्टीवर धावत बूट बांधतो, पंचांच्या इशाऱ्यावर आत जातो. अशा सामन्यात गोल खाल्ला तर कोणी कोणाला बोलत नाही. सगळे अकरा जमल्यानंतर खाल्लेल्या गोलाचा मात्र आठवडाभर हिशेब होतो.

प्रेक्षक? राखीव खेळाडू, एखादा भाऊ, पुढच्या मॅचचे दोन संघ. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा दिलबहारसारख्या पेठेच्या संघांमागे शाहू स्टेडियम भरते, कारण तिथे संघ हा तालमीचा आणि तालीम ही गल्लीची असते. मुंबईत संघ होता तो कंपनीचा. महिंद्रा, टाटा, एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे, बँका यांनी खेळाडूला नोकरी दिली, दुपारी लवकर सोडले, निवृत्तीपर्यंत पगार दिला. १९६२ साली सुरू झालेल्या महिंद्राच्या संघाने २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी क्लब-परवान्याच्या अटी पुऱ्या करू न शकल्याने २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले. नोकरी गेली आणि तिच्या जागी गल्ली आली नाही. मुंबईच्या फुटबॉलची खरी पोकळी ही आहे. गुणवत्तेची ओरड तिच्यापुढे दुय्यम ठरते.

जपानमध्येही सुरुवात कंपन्यांच्याच संघांपासून झाली होती. १९९३ मध्ये दहा क्लबांची जे-लीग सुरू झाली तेव्हा मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, टोयोटाचा नागोयाचा. कंपनी पैसा देत राहिली, पण नाव आणि बांधिलकी गावाची झाली. आज तिथे जे-१, जे-२, जे-३ अशा तीन व्यावसायिक पातळ्या आहेत, त्यांखाली जपान फुटबॉल लीग (जेएफएल), तिच्याखाली नऊ विभागीय लीगा आणि त्यांच्याखाली प्रांतांच्या लीगा. चौथ्या-पाचव्या पातळीवरचा खेळाडू तिथेही दिवसा गोदामात, सुपरमार्केटात, शाळेत काम करतो; फरक असा की काम देणारा बहुधा त्याच गावातला, जर्सीवर नाव असलेला दुकानदार असतो. मात्सुमोतो यामागा या क्लबचे नाव स्थानकाजवळच्या एका कॉफीच्या दुकानावरून पडले. २००९ मध्ये विभागीय लीगमध्ये असताना त्याने सम्राट चषकात उरावाला २-० ने हरवले, २०१५ मध्ये जे-१ गाठली आणि २०२२ पर्यंत तो जे-३ मध्ये उतरला. तरी क्लब जिवंत आहे. उलट हामामात्सुचा होंडा एफसी कंपनीचाच राहिला, हौशीच राहिला आणि जेएफएलमधून वर जाऊ पाहणाऱ्यांची वाट अडवतो म्हणून ‘द्वारपाल’ म्हणवला गेला. २०१९ मध्ये त्यानेही उरावाला हरवले.

दोन्ही जगे पाहिलेला एक खेळाडू मुंबईत होऊन गेला. अराता इझुमी जपानच्या शिमोनोसेकीत जन्मलेला, वडील गुजराती. जपानमध्ये पहिल्या फळीत जागा न मिळालेला हा मिडफिल्डर ईस्ट बंगालमार्गे महिंद्राकडे आला, महिंद्रा बंद होण्याआधीच पुणे एफसीत गेला, जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला.

कंपन्यांची जागा घ्यायला मुंबईत जे क्लब आले त्यांचा प्रवास दोन उदाहरणांत कळतो. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी खालिद जमील यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे आय-लीगमध्ये तगून राहिला. २०१६ मध्ये जमील गेले. पुढच्याच मोसमात त्यांनी मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि मुंबई एफसी त्याच तक्त्यात तळाला राहून संपला. जमील पुढे २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. दुसरा केंकरे एफसी. मुलांना घडवण्यापासून सुरुवात केलेला हा मुंबईचा क्लब २०२१ मध्ये पात्रता स्पर्धेतून आय-लीगमध्ये पोचला. पहिल्या मोसमात तळाला राहूनही उतरला नाही, कारण त्या वर्षी कोणालाच उतरवले गेले नाही. २०२३ मध्ये मात्र उतरला. वर गेल्यावर खर्च वाढतो तो विमानाच्या तिकिटांचा, हॉटेलांचा, पगारांचा. तिकीटविक्री मात्र खालच्या विभागात होती तेवढीच, म्हणजे जवळपास नाही. चढणे हे अशा क्लबसाठी बक्षीस आणि बिल दोन्ही असते.

मोसम संपला की उरते ती तिसऱ्या पिशवीतली फाइल. ज्या खेळाडूला वरच्या क्लबचा फोन येतो तो जातो. त्याला अडवण्याइतका करार कोणाकडेच नसतो. फुटबॉलच्या नियमांत प्रशिक्षण भरपाईची तरतूद आहे : बाराव्या ते एकविसाव्या वर्षापर्यंत ज्या क्लबांनी खेळाडू घडवला त्यांना, तो व्यावसायिक झाल्यावर, वाटा मिळावा. मात्र तो वाटा ठरतो नोंदणीच्या दाखल्यावरून, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोणाच्या नावावर होता यावरून. ज्या मुलाने आठ वर्षे टर्फवर काढली पण ज्याची नोंद शेवटच्या दोनच वर्षांची झाली, त्याची हिशेबात दोनच वर्षे धरली जातात. म्हणून अलीकडे काही चिटणीस बारा वर्षांच्या पोरांचेही फॉर्म भरून घेऊ लागले आहेत, आणि जून-जुलैत, पावसाने टर्फ तुंबलेले असताना, क्लबचे मुख्य काम जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स काढणे हे असते.