घड्याळ न पाहणारे तिकीट

२० जून २०१४ रोजी रेल्वेने प्रवासी भाडे १४.२ टक्क्यांनी वाढवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच घोषणेत मासिक पासाचे गणितही बदलून टाकले. तोवर महिन्याच्या पासाला साधारण १५ एकेरी तिकिटांचे पैसे पडत. ते आता ३० तिकिटांचे पडणार होते. म्हणजे पास दुप्पट. मुंबईत गदारोळ झाला. विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. चार दिवसांत, २४ तारखेला, सदानंद गौडा यांच्या रेल्वे मंत्रालयाने पाऊल मागे घेतले. पास १५ तिकिटांच्या हिशेबावरच राहिला आणि उपनगरी गाड्यांच्या दुसऱ्या वर्गाला ८० किलोमीटरपर्यंत दरवाढीतून वगळण्यात आले.

दादर-ठाण्याच्या प्रवाशाला हा ८० किलोमीटरचा आकडा जाणवलाही नाही. शहापूर तालुक्याच्या मात्र तो मधोमध आला. सीएसएमटीपासून मोजत निघाले की ८० किलोमीटर वासिंदच्या आसपास भरतात. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा त्यापलीकडे. कल्याणला उतरणारा वाचला. थेट सीएसएमटीपर्यंत तिकीट काढणारा सवलतीबाहेर गेला. सर्वांत लांबून येणाऱ्याला, ज्याचे घर पहाटेच्या अंधारात जागे होते त्यालाच, दरवाढीतून सूट मिळाली नाही.

अंतरावर इतके बारीक लक्ष ठेवणारी ही रेल्वे घड्याळाकडे मात्र कधीच पाहत नाही. वासिंदला गाडी १८५५ मध्ये पोहोचली, आसनगावला १८६० मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये. आजही सकाळी सातच्या खच्चून भरलेल्या लोकलचे तिकीट आणि दुपारी दोनच्या रिकाम्या लोकलचे तिकीट एकाच किमतीचे. वरवर पाहता यापेक्षा समान न्याय तो कोणता?

पण पास आणि तिकीट शेजारी ठेवले की चित्र उलटते. नोकरदार महिन्याला २५ दिवस जा-ये करतो, म्हणजे ५० फेऱ्या. त्यासाठी तो १५ फेऱ्यांचे पैसे भरतो. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, म्हणजे आणखी स्वस्त. ऐन गर्दीत प्रवास करणाऱ्याला एक फेरी तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी किमतीत पडते, आणि अधूनमधून, गर्दी नसताना जाणारा पूर्ण भाडे मोजतो. अनेक देशांत गर्दीच्या वेळेला जादा आकार लावतात. इथे त्याच वेळेला सर्वांत मोठी सूट आहे. कुणी ठरवून केलेले नसले तरी ती आहेच.

पूर्ण भाडे मोजणारे हे लोक कोण, हे पावसाळ्याच्या तोंडावर आसनगाव किंवा खर्डीच्या फलाटावर दिसते. जूनमध्ये शेवळे ही रानभाजी आणि तिच्यासोबत लागणारी काकडे, त्याआधी करवंदे-जांभळे, पुढे टाकळा, कुर्डू. ठाकूर-कातकरी पाड्यांवरच्या बाया पाट्या भरून पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याचा बाजार गाठतात, माल संपला की रिकाम्या पाट्या एकात एक घालून परततात. जाताना गर्दी सुरू झालेली नसते, येताना ती उलट्या दिशेची असते. हंगाम काही आठवड्यांचा, त्यातही रोज जाणे होतेच असे नाही. महिन्याचे पैसे एकरकमी काढणे हेही प्रत्येकीला जमत नाही. पासाचा फायदा साधारण आठ दिवसांच्या जा-येनंतर सुरू होतो. त्याच्या अलीकडे राहणारीला रेल्वे काहीच देत नाही.

शेजारच्या मुरबाडची गोष्ट आणखी वेगळी. तिथे रूळच नाहीत. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी जुनी. उल्हासनगरमार्गे मार्ग आखला गेला, निम्मा खर्च उचलण्याची तयारी राज्याने दाखवली, पण मुरबाडकराला अजूनही एसटीने किंवा जीपने कल्याण गाठूनच लोकल धरावी लागते. एसटीच्या मासिक पासाला २० दिवसांच्या जा-येचे भाडे भरावे लागते, म्हणजे ४० फेऱ्यांचे. रेल्वेचे १५ आणि एसटीचे ४०! मुंबईत नोकरी करणाऱ्या मुरबाडकराच्या खिशात दोन पास असतात आणि त्यातला कमी अंतराचा पासच अधिक जड जातो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तेव्हा अनेक घरांच्या महिन्याच्या हिशेबात फरक पडला. जानेवारी २०२५ च्या जवळपास १५ टक्के भाडेवाढीने त्यातला काही भाग परत काढून घेतला.

वेळेनुसार प्रवासाची वाटणी या मार्गावर प्रत्यक्ष झाली ती एकदाच, आणि तीही पैशाने नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. ऑक्टोबरमध्ये महिलांना सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, पण घड्याळाच्या अटीवर: सकाळी ७ च्या आत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री ९ नंतर.

मुंबईतल्या माणसासाठी या वेळा अडचणीच्या होत्या. कसारा मार्गावर त्यांचा अर्थ निराळाच झाला. कसाऱ्याहून सीएसएमटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे सकाळी ७ च्या आत गाडी धरणे ही इथली नेहमीचीच सवय, त्यात नवे काहीच नव्हते. जीव जायचा तो संध्याकाळी. सहाला कामावरून सुटलेल्याने नऊपर्यंत थांबायचे कुठे? नऊनंतर गाडी धरली की कसाऱ्याला उतरेपर्यंत साडेअकरा वाजून जात. तिथून पाड्यापर्यंतची वाट वेगळीच. पुन्हा सकाळची तीच गाडी. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने हीही सोय बंद पडली आणि १५ ऑगस्ट २०२१ ला लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी दारे उघडली. तोवर कित्येकांनी दुचाकीवरून महामार्ग धरला होता. वर्ष संपता संपता एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत मुरबाडकर खासगी जीपगाड्यांच्या भाड्यावर तगला.

या दीड-दोन वर्षांत सवयी मोडल्या त्या पुरत्या जुळल्याच नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला जाणारे तयार झाले. भिवंडीची गोदामे पाळ्यांनी चालतात, त्यांचा मजूर दहा ते सहाच्या चौकटीत बसत नाही. कल्याण-डोंबिवलीत घर परवडेना म्हणून आसनगाव-वासिंदला आलेली कुटुंबे वाढली. पावसाळ्यातल्या रविवारी माहुली गडासाठी आसनगावला उतरणारी तरुणाई तर गर्दीची दिशाच उलटवते, तीही मेगाब्लॉकच्या दिवशी. तिकीट मात्र दोनच प्रकारच्या माणसांना ओळखते: रोज जाणारा आणि आज जाणारा.

गर्दी पांगवायची तर भाड्याला हात न लावता कार्यालयांच्या वेळा बदला, हा मार्ग मध्य रेल्वेने धरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई विभागाने आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेनऊ किंवा साडेअकरा अशा दोन वेळांतून निवड दिली आणि शेकडो संस्थांना तसे करण्याची पत्रे लिहिली. प्रतिसाद तोकडा राहिला. मग ९ जून २०२५ ची सकाळ आली. मुंब्र्याजवळ एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यातली एक गाडी कसाऱ्याकडे निघालेली होती. त्यानंतर विधिमंडळात वेळांच्या फेरबदलाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

वेळेनुसार भाडे हा विचार देशाला नवा नाही. दिल्ली मेट्रो २०१७ पासून स्मार्ट कार्डावर गर्दीबाहेरच्या वेळेत जादा १० टक्के सूट देते. एसटीने जुलै २०२५ पासून कमी गर्दीच्या हंगामात आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सवलत ठेवली, पण ती १५० किलोमीटरपुढच्या प्रवासाला. मुरबाड-कल्याणच्या प्रवाशाला तिचा उपयोग शून्य. स्कॉटलंडने १ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वेतले गर्दीच्या वेळेचे चढे भाडे कायमचे बंद केले. कामाची वेळ कामगार ठरवत नाही, हा तिथल्या विरोधकांचा मुद्दा होता आणि तो शहापूरलाही तंतोतंत लागू पडतो. इथे सकाळच्या गाडीवर अधिभार लावणे म्हणजे ज्याच्याकडे पर्यायच नाही त्याला दंड करणे. सूट देणे वेगळे. दहा-बारा फेऱ्यांचे, महिनाभर केव्हाही वापरता येणारे आणि दुपारी स्वस्त पडणारे तिकीट काढले तर पाटीवाली, गोदामातला पाळीवाला आणि आठवड्यातून एकदाच ऑफिसला जाणारा, तिघांनाही ते चालेल. ब्रिटनमध्ये जून २०२१ पासून २८ दिवसांत आठ दिवस वापरण्याचा पास मिळतो. इथे तसे करायला कोणतेही नवे यंत्र बसवावे लागणार नाही.

अडचण खरी आहे ती गाड्यांची. कल्याणपुढे मेल-एक्सप्रेस, मालगाड्या आणि लोकल यांना दोनच रूळ वाटून घ्यावे लागतात. दुपारी एक कसारा लोकल चुकली की फलाटावर ताटकळणे आलेच. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका २०११ मध्ये मंजूर झाली, आसनगावपर्यंतची चौथी मार्गिका २०१९ मध्ये एमयूटीपी-३ए या मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पातून. या मार्गिका होतील तेव्हा नव्या वेळापत्रकात दुपारच्या गाड्यांसोबत दुपारचे भाडेही मांडले जावे, यासाठी प्रवासी संघटनांनी आणि इथल्या लोकप्रतिनिधींनी आतापासूनच रेल्वेकडे लेखी मागणी लावून धरायला हवी. २०१४ मध्ये चार दिवसांत निर्णय फिरला होता, आणि तो फिरवताना वासिंदच्या पुढे कोण राहते याचा विचार कुणी केला नव्हता.